पास्का फुगत असताना

अंडं कापायचं कुणी आणि कसं, यावरूनच आधी वाजलं.

दरवर्षी ईस्टरला चर्चमधून आशीर्वादाची टोपली घरी आली, की वासिल पालामार टेबलाच्या टोकाशी उभा राहायचा, टोपलीतलं एक उकडलेलं अंडं सोलायचा, घरात जितकी माणसं तितक्या फोडी करायचा आणि एकेकाच्या हातावर ठेवायचा. "ख्रिस्त उठला आहे," तो म्हणायचा. "खरोखर उठला आहे," घेणारा म्हणायचा. एका अंड्यातून सगळ्यांनी खाल्लं की घर वर्षभर एक राहतं. निदान भांडायला तरी एकत्र येतं, असं वासिलचं म्हणणं.

यंदा टेबल नव्हतं. अंगण होतं, आणि अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलात दोन गाड्या एकमेकींपासून चांगल्या लांब उभ्या होत्या. एकीत विनिपेगहून पहाटे निघून आलेली थोरली मुलगी, दार्का. दुसरीत, म्हणजे ट्रकमध्ये, पलीकडच्या शेतावर राहणारा मुलगा ओरेस्ट आणि त्याची बायको जोआन. म्हातारा-म्हातारी वर व्हरांड्यात. सकाळी फादरनं तोंडाला फडकं बांधून चर्चच्या आवारात गाड्यांच्या काचांवर पवित्र पाणी शिंपडलं होतं. त्यातलं टोपलीवर किती पडलं आणि वायपरनं किती पुसलं, देव जाणे.

"आई, एकाच बशीतलं अंडं सगळ्यांनी खायचं नाही," दार्कानं खिडकीची काच खाली करून सांगितलं. "बातम्या बघतेस ना तू?"

"तुझे बाबा बघतात. आवाज बंद करून."

"सगळ्यांना वेगवेगळं अंडं देऊ या ना, आई," जोआन ट्रकमधून म्हणाली.

"मग काय, खानावळ उघडायची?" ओरेस्ट पुटपुटला.

 त्यांची आई तेक्ला नवऱ्याच्या गुडघ्यांवरची घोंगडी खोचत होती. वासिल जाड कोट घालून खुर्चीत बसला होता. त्याचा चेहरा शिळ्या पिठासारखा पांढुरका दिसत होता. कानातलं यंत्र नेहमीप्रमाणे शर्टाच्या खिशात. यंत्र कानात असलं की सगळे एकदम बोलतात, खिशात असलं की निदान पाळीपाळीनं बोलल्यासारखं दिसतं, म्हणायचा.

त्याच्या हृदयातली एक झडप म्हातारपणी चुना धरून कडक झाली होती. ती पुरती उघडतच नव्हती. मांडीतल्या शिरेतून नळी घालून नवी झडप बसवायची, दोन-तीन दिवसांत माणूस घरी, असं विनिपेगच्या डॉक्टरांनी हिवाळ्यात सांगितलं होतं आणि मार्चअखेरची तारीख दिली होती. तेक्लानं त्याचा पायजमा इस्त्री करून पिशवीत भरून ठेवला. मग साथ आली. इस्पितळानं खाटा कोरोनासाठी मोकळ्या केल्या आणि बाकीच्या आजाऱ्यांचे दोन भाग पाडले: ज्यांना थांबता येणार नाही ते, आणि ज्यांना थांबता येईल ते. वासिल थांबणाऱ्यांत गेला. त्या झडपेला कुणी विचारलं होतं का, थांबशील का बाई म्हणून? पण विचारणार कोण? पिशवी पलंगाखाली तशीच पडून राहिली.

दार्का गाडीतून उतरली. घरी शिवलेला ठिपक्यांचा मास्क तिनं नाकावर ओढला आणि अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली. शाळेची मुख्याध्यापिका ती. सगळ्या पोरांना दिसेल अशी जागा तिला आपोआप सापडायची.

"अंडं नंतर," ती म्हणाली. "आधी मला एक सांगा. गुरुवारी इथे इस्पितळातून फोन आला होता. तो कुणी घेतला?"

ओरेस्टनं स्टिअरिंगवरचा चिखल नखानं खरवडायला घेतला.

"शुक्रवारी दिवसभर फोन करून करून मी त्या ब्रेंडाला गाठलं. झडपवाल्यांची यादी सांभाळणारी नर्स. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यापासून अगदी मोजक्या लोकांचं काम परत सुरू करतोय. ज्यांची अवस्था वाईट, ते आधी. म्हणून गुरुवारी सगळ्यांना फोन करून विचारलं. दम लागतो का, छातीत दुखतं का, चक्कर येते का. मी म्हटलं, मग माझ्या बाबांचं कधी? तर मला म्हणते, मिस्टर पालामार ना, ते तर उत्तम आहेत." दार्काचा आवाज इथे फाटला. तिनं मास्क परत वर केला. "काही त्रास नाही म्हणे त्यांना. तळाला टाकलंय त्यांना. उन्हाळा गेल्यावर बघू म्हणाली. ओरेस्ट, उत्तम? माझ्याकडे बघ. उत्तम?"

"माझ्याकडे काय बघतेस, ताई?"

"कारण इस्पितळात नंबर तुझा दिलाय. आणि गेल्या रविवारी, पाम संडेला, मला फोनवर कोण म्हणालं होतं, बाबांना तिकडे पाठवायचंच नाही, तिथे माणूस पायांनी जातो आणि पेटीतून येतो?"

ओरेस्टनं ट्रकचं दार उघडलं, पण उतरला नाही. पाय पायरीवर ठेवून तो नुसता बसून राहिला. तो म्हणाला होता, हे खरं होतं. आणि म्हणताना त्याला जे दिसत होतं तेही त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं: लांबलचक बोळ, सगळे डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये, आणि बाबा यंत्राशिवाय, कोण काय बोलतंय ते न कळता, प्रत्येकाला मान डोलावून हो म्हणतायत. त्यापेक्षा घरात, आपल्या खुर्चीत बरे. हे शहाणपण आहे की भित्रेपणा, ते त्याला ठरवता आलं नव्हतं. पेरणी तोंडावर होती. बाबांशिवाय पेरणी त्यानं आयुष्यात केली नव्हती.

"फोन माझ्याकडे आला होता," तो शेवटी म्हणाला. "मी पेरणीयंत्राखाली आडवा होतो. खिशात वाजत होता. नंबर बघितला."

"आणि?"

"वाजू दिला."

"वाजू दिलास?"

"तारीख देतील असं वाटलं मला, ताई. तारीख दिली की न्यावं लागलं असतं." तो खाली चिखलाकडे बघत होता. "मी उत्तम-बित्तम काही म्हणालो नाही. मी घेतलाच नाही. हवं तर याची शिक्षा दे मला, पण ते मी म्हणालो नाही."

"शाबास. मग तुझ्याकडे लागला नाही म्हणून त्यांनी घरी केला असणार. घरी कुणी घेतला?"

जोआन इतका वेळ ट्रकमध्ये दोन्ही हात मांडीत धरून बसली होती. तिला माहीत होतं. गुरुवारी ती अंड्यांची पाटी पायरीवर ठेवायला आली होती. गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते म्हणून साथ सुरू झाल्यापासून तिनं सासरच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. पाटी ठेवायची, काचेवर टकटक करायची आणि मागे सरायचं. त्या दिवशी तिनं टकटकसुद्धा केली नाही, कारण काचेतून तिला भट्टीचा दिवा दिसला आणि आतून फोनवरचं हळू बोलणं ऐकू आलं. पास्का आत होती.

आता पास्का म्हणजे आम्हा युक्रेनियन लोकांकडे नुसता ईस्टरचा पाव नव्हे. पीठ मळल्यापासून भट्टीतून निघेपर्यंत त्या घरात मोठ्यानं बोलायचं नाही, दार आपटायचं नाही, वाईट शब्द, वाईट विचार, आजारपण, मरण, कशाचं नाव काढायचं नाही. पास्का उंच फुगली तर वर्ष चांगलं. बसली तर घरातलं कुणीतरी जाणार. हसणारे हसतात, पण पीठ फुगत असताना तेही हळू हसतात.

जोआन स्कॉटिश घरातली. लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला तिला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. ती बाहेरून हसत हसत आली, पाठोपाठ वारा आला आणि दार धाडकन लागलं. भट्टीतली पास्का मध्ये खचली, डोक्यावर हात ठेवून बसल्यासारखी. त्याच उन्हाळ्यात ओरेस्टचा धाकटा भाऊ मार्को तळ्यात बुडाला. तिला कुणी एका शब्दानं काही म्हणालं नाही. पालामारांच्यात बोलत नाहीत. विसरतही नाहीत. तेव्हापासून त्या घरातलं प्रत्येक दार जोआन दोन्ही हातांनी लावायची, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं लावावं तसं.

"मी घेतला," जोआन म्हणाली.

दार्का वळली. "तू?"

"हो. मीच म्हटलं, बरे आहेत म्हणून. चुकलंच माझं."

"वहिनी, अगं घरात कुठे होतीस तू? पाच आठवडे झाले, तू त्या पायरीच्या वर आलेली नाहीस. फोन काय खिडकीतून हात घालून घेतलास?"

जोआनला खोटं बोलण्याचा सराव नव्हता. तिचे कान लाल झाले. ओरेस्टनं बायकोकडे बघितलं, मग तिची नजर जिकडे होती तिकडे, व्हरांड्याकडे. दार्कानंही बघितलं. आणि दार्काच्या चेहऱ्यावरचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"आई?"

तेक्ला घोंगडीचं टोक हातात धरून उभी होती. तिला वाटलं होतं, हे असं विचारलं जाईल तेव्हा आपण रडू. पण डोळे कोरडेच राहिले.

"पास्का भट्टीत होती," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"नुकतीच टाकली होती. वर यायला लागली होती. तेवढ्यात फोन. मला वाटलं तूच असशील. तर ती बाई. गोड बोलत होती बिचारी. म्हणाली, मिसेस पालामार, त्यांना दम लागतो का? मी भट्टीकडे बघितलं. म्हणाली, चक्कर येते का, कधी शुद्ध गेली का? आता काय सांगू? भट्टीसमोर उभी राहून तोंडानं म्हणू, की माझा नवरा मरायला टेकलाय?" तेक्लानं ओठ पुसले. "मी म्हटलं, उत्तम आहेत. त्यांना काही झालेलं नाही. देवाची दया आहे."

शुभ बोल नाऱ्या म्हणतात. ती जन्मभर शुभच बोलत आली होती. त्याचं हे फळ.

"मग नंतर करायचास ना फोन," दार्का म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "पास्का निघाल्यावर."

"करणार होते. करणारच होते गं. पण ती निघाली ना, अशी वर आली होती." तेक्लानं हात छातीपर्यंत नेला. "इतक्या वर्षांत अशी आली नव्हती. साच्याच्या बाहेर डोकं काढून. मी तिथेच खाली बसले. मला वाटलं, झालं. देवानं ऐकलं. आता कशाला फोन."

अंगणात वारा सुटला होता. कोठाराच्या पत्र्यावरून वितळलेलं पाणी ठिबकत होतं. दार्का आईकडे बघत राहिली. शाळेत अशा वेळी काय बोलायचं ते तिला पाठ होतं, इथे त्यातलं काही चालणार नव्हतं.  यादीतली पुढची जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली असेल, त्याच्याही घरी कुणी असंच अंगणात उभं असेल, आणि त्यांनी खरं सांगितलं असेल.

वासिल इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं खिशातून यंत्र काढलं, फुंकर मारली आणि कानात बसवलं. ते कुईं वाजलं.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं. "फादर गेला का? सकाळी खोकत होता."

"कुणी गेलं नाही, बाबा," ओरेस्ट म्हणाला.

"मग चेहरे असे का? ईस्टर आहे की गुड फ्रायडे?"

तेक्लानं त्याला सांगितलं. वाकून, त्याच्या कानाशी, आपल्या गावच्या युक्रेनियन बोलीत. बराच वेळ सांगत होती. तो ऐकता ऐकता तिच्या हाताकडे बघत होता. मग त्याला हसू आलं. खांदे हलायला लागले आणि हसण्याचा दम होऊन बसला. तो खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून तोंड उघडून हवा ओढत राहिला आणि हवा येईना. तेक्लानं त्याची पाठ धरली. ओरेस्ट ट्रकमधून उडी मारून धावत पायरीपर्यंत आला आणि तिथेच थबकला. आपण जोआनच्या अंथरुणात झोपतो, जोआन आश्रमात जाते, पुढे जायचं की नाही? असं बापापासून चार हातांवर थबकायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

हळूहळू श्वास परत आला.

"बघितलंस?" दार्का म्हणाली. तिनं फोन बाहेर काढला होता. "ब्रेंडानं सांगितलंय, काही बदललं तर कुठल्याही दिवशी फोन करा. मी आत्ता करते."

फोन लागला. ब्रेंडा सुट्टीवर नव्हती. दार्का तिच्याशी पाठ फिरवून बोलली, भरभर, मग ऐकत राहिली, मग वळली.

"ती म्हणते, गुरुवारी घरच्यांनी एक सांगितलं, आज घरचे दुसरं सांगतायत. तिला बाबांच्या तोंडून ऐकायचंय."

"ते फोनवर बोलत नाहीत," तेक्ला म्हणाली. "कधीच नाही. मीच बोलते."

"आज बोलतील."

दार्कानं फोनचा आवाज मोठा केला, फोन पायरीवर ठेवला आणि मागे सरली. तेक्लानं तो व्हिनेगरच्या फडक्यानं पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला. वासिलनं तो तोंडासमोर आडवा धरला, पावाचा तुकडा धरावा तसा.

"हॅलो," तो ओरडला. बहिरा माणूस, सगळं जग बहिरं आहे अशा बेतानंच बोलायचा. "वासिल पालामार. अजून आहे."

"मिस्टर पालामार, कसे आहात तुम्ही?" पलीकडून बाई म्हणाली.

"उत्तम."

जोआननं ट्रकमध्ये डोळे मिटले. दार्कानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. सवय हो. आमच्या म्हाताऱ्यांना शवपेटीतून उठवून विचारलं तरी हेच म्हणतील. कसं काय, तर उत्तम. रडगाणं गाणारा माणूस शेतकरी नव्हे, असं त्यांना बापांनी शिकवलेलं.

तेक्ला त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचे गुडघे दुखायचे, पण बसली. तिनं त्याचं यंत्र कानात नीट दाबलं.

"अहो," ती म्हणाली, "खरं सांगा. पास्का निघाली आता भट्टीतून. आता बोललं तर चालतं."

वासिल तिच्याकडे बघत राहिला. मग फोनकडे.

"बाई," तो ओरडला, "बूट घालताना मध्ये थांबावं लागतं. एक घालतो, मग बसतो, मग दुसरा. आडवं झोपता येत नाही. खुर्चीत झोपतो. बायकोला सांगतो टीव्ही बघतोय म्हणून."

तेक्लाचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. तो तिथेच राहिला.

"छातीत दुखतं का?"

"दुखत नाही. घोडा बसल्यासारखं वाटतं. बसतो आणि उठतो."

"कधी शुद्ध हरपली?"

वासिलनं बोटं मोजली. "दोनदा," तो म्हणाला. मग, "नाही, तीनदा. एकदा चर्चमध्ये, साथीच्या आधी. पण तेव्हा सगळेच गुडघ्यांवर होते, कुणाला कळलं नाही. एकदा संडासात. आणि परवा बुधवारी कोठारात. बी बघायला गेलो होतो. जाग आली तेव्हा गव्हात तोंड होतं. मांजर अंगावर बसलं होतं."

ओरेस्ट पायरीशी उभा होता. बुधवारी तो त्याच कोठारापासून हाकेच्या अंतरावर यंत्राला वंगण घालत होता. शीळ घालत होता.  गव्हाच्या ढिगात तोंड खुपसून पडलेला माणूस कसा जातो, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

"बाबा, मला हाक तरी मारायची."

"बेशुद्ध माणूस हाक मारतो काय रे?" वासिल म्हणाला.

 फोनमधल्या बाईनं थांबा म्हटलं, ती कुणाशी तरी बोलली आणि परत आली. तिचं बोलणं आता सावकाश होतं आणि त्यामुळे सगळ्यांना जास्तच भीती वाटली. चक्कर येऊन पडणं ही थांबायची गोष्ट नाही, ती म्हणाली. घरी ठेवू नका. आज, आत्ता, गावातल्या इस्पितळात न्या, मी त्यांना कळवते. ते रात्रभर लक्ष ठेवतील आणि रुग्णवाहिकेनं इकडे पाठवतील. यादीत वर घेते. तारखेचं वचन देत नाही, पण वर घेते. वाटेत चालू देऊ नका त्यांना.

"आणि बरोबर कोण राहायचं?" तेक्लानं फोनकडे वाकून विचारलं.

"कुणीच नाही, मिसेस पालामार. दारापर्यंत. आत फक्त पेशंट. माझा नाइलाज आहे."

फोन बंद झाला.

ओरेस्टला जे दिसत होतं तेच आता सगळ्यांना दिसायला लागलं. लांब बोळ, आणि शेवटी एकटा म्हातारा. तेक्ला उठली, आत गेली आणि पलंगाखालची पिशवी घेऊन आली. यंत्राचे जादा सेल घातले. मग पिशवी खाली ठेवून तशीच उभी राहिली.

"मी घालवलं," ती म्हणाली. "गुरुवारी बोलले असते तर आज धावायची वेळ आली नसती. तुम्हाला काही झालं तर माझ्या तोंडानं झालं म्हणायचं."

"आई, तुझ्याआधी मी घालवलं," ओरेस्ट म्हणाला. "माझ्या खिशात वाजत होता तो."

"आणि बुधवारचं मी गिळून बसलो," वासिल म्हणाला. "पुरे आता. रांग लावू नका. टोपली आण इकडे."

"बाबा, उशीर होतोय."

"दार्का, इतके दिवस थांबवलं त्यांनी मला. एका अंड्यापुरते ते थांबतील."

त्यानं अंडं सोललं. बोटं बधिर झाल्यासारखी चालत होती, टरफलाबरोबर पांढरंही निघत होतं, पण त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. पाच फोडी केल्या. एका बशीतल्या.  मास्क खाली ओढून दार्कानं आपली फोड उचलली, मग ओरेस्टनं, मग तेक्लानं, आणि एक वासिलनं स्वतः तोंडात टाकली. "ख्रिस्त उठला आहे," वासिल प्रत्येक वेळी म्हणाला, दोन शब्दांनंतर श्वास घेत. एक फोड उरली. तेक्लानं ती तळहातावर घेतली, पायऱ्या उतरून चिखलातून ट्रकपर्यंत गेली आणि खिडकीतून जोआनच्या हातावर ठेवली.

"खरोखर उठला आहे," जोआन म्हणाली. तिनं फोड तोंडात टाकली.

"खोटं कशाला बोललीस गं माझ्यासाठी?" तेक्लानं हळूच विचारलं.

"मला माहीत आहे ना, आई, कसं वाटतं ते."

तेक्ला खिडकीपाशीच उभी राहिली. लगेच वळली नाही.

दार्काच्या गाडीत वासिलला बसवता येईना. बसकी गाडी, त्यात वाकायचं म्हणजे त्याचा श्वास अडे. ओरेस्टच्या ट्रकमधून जोआन रोज आश्रमात जायची, त्यात दार्का त्याला बसू देईना. राहिला वासिलचाच जुना हिरवा ट्रक, कोठाराशी उभा. दार्का तो चालवायला त्याच्याच मांडीवर बसून शिकली होती. ओरेस्टनं तो पुसून व्हरांड्याला लावला. जोआननं आश्रमातला मास्क आणि हातमोजे चढवले आणि पिशवी आत पायांशी ठेवली. वासिल पायरीवर एक पाय टाकून थांबला, मग दुसरा टाकून थांबला, आणि तेक्लाच्या खांद्याला धरून वर चढला.

"पास्का कापली नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही आल्यावर."

"शिळी होईल."

"होऊ दे. लवकर या मग."

त्यानं तिचा हात जरा वेळ धरला आणि सोडला. ती मागे सरली. 

दार जोआनच्या बाजूला होतं. तिनं ते दोन्ही हातांनी हळूच लोटलं. लागलं नाही. पुन्हा लोटलं, खांदा लावून, आवाज न करता. खिटी बसली नाही आणि दार पुन्हा सुटं झालं. त्या ट्रकचं ते दार पहिल्यापासून तसंच.

"तसं नाही लागत ते," तेक्ला म्हणाली. "आपट."

जोआननं मागे वळून बघितलं. "आई..."

"आपट गं. जोरात. वाटेत उघडलं तर पडतील ते."

जोआननं दार आपटलं. तो आवाज कोठाराच्या पत्र्यावर जाऊन आदळला आणि परत आला. कुंपणावरचे कावळे उडाले. तेक्ला आवाज संपेपर्यंत जागची हलली नाही. आत वासिलनं कानातल्या यंत्राकडे बोट दाखवलं आणि मान हलवली, एवढं ऐकू आलं म्हणून.

दार्कानं ट्रक चिखल उडवत वळवला आणि तो मोठ्या रस्त्याकडे निघाला. ओरेस्ट फाटकापर्यंत मागे धावला आणि तिथे थांबला. तेक्लाचे डोळे तितक्या लांब पोचत नव्हते. तिनं जोआनच्या दिशेला हात केला, मधलं अंतर तसंच ठेवून.

"तुला दिसतंय ना? दार नीट लागलंय का बघ."

"लागलंय, आई."

"बघत राहा," तेक्ला म्हणाली. "दिसेनासा होईपर्यंत बघत राहा, आणि मला सांगत राहा."